काळे झगे आणि उलटा पंखा

वर्षातून एकदा आमच्या गच्चीवर काळे झगे वाळत पडतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वकिलांची अख्खी पलटण कुठं तरी पोहायला उतरली आहे आणि कपडे आमच्याकडे ठेवून गेली आहे. समोरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी पहिल्या वर्षी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात काही झालं का हो?"

मी चेहरा पाडला. "झालं ना. एवढी पोरं एकदम पास झाली."

बाई अजूनही माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

हे झगे माझ्या धाकट्या भावाचे. म्हणजे तसे कॉलेजचे, पदवीदानाचे. पण भाऊ त्या कॉलेजात शिपाई आहे आणि झग्यांची ट्रंक त्याच्या ताब्यात असते, त्यामुळे आम्ही ते त्याचेच धरतो. बाकीच्या कॉलेजांनी झगे सोडून कुर्ते-उपरणी धरली. या कॉलेजानं काही काळा झगा सोडला नाही. काळा कपडा, गळ्याशी पिवळी पट्टी. एका वर्षी ते लाँड्रीत दिले तर आखडून परत आले, आणि सगळी उंच पोरं गुडघ्यापर्यंतच्या झग्यात स्टेजवर गेली. तेव्हापासून भाऊ ते घरी आणतो. तो आणि भावजय मिळून धुतात आणि फाटके-उसवलेले खाली माझ्याकडे येतात. मी तळमजल्यावर शाळांचे युनिफॉर्म शिवते. चार-पाच बायका, तेवढीच मशीनं, आणि दिवसभर कॉलरी.

पदवीदानाच्या दिवशी एका वर्गाची बाकं बाजूला सरकवतात आणि तिथं भाऊ झगे घेऊन उभा राहतो. पोरं रांगेनं येतात, पाठ करून उभी राहतात, हात मागं करतात. भाऊ झगा उघडून धरतो, हात बाह्यांत शिरले की खांद्यावर ओढून बसवतो आणि म्हणतो, "सरळ उभं राहा. आता मागं वळून बघू नका." बापाची गाडी बाहेर उभी असलेल्या पोराला हेच, आणि रात्रपाळीच्या यंत्रमागावरून बाप थेट कॉलेजात आलाय अशा पोरीलाही हेच.

हे वाक्य त्याचं आहे, पण ते पहिल्यांदा बोलला तो मला. आमच्या वडलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि तो नुकताच बारावी झालेला. घरात कुणी कुणाला काही विचारलं नाही. एके दिवशी तो माझ्याच कॉलेजात शिपाई म्हणून लागला आणि माझं शेवटचं वर्ष पुरं झालं. पुढच्या पदवीदानाला मी रांगेत उभी, आणि झगा धरून समोर हा. मिसरूड नुकतंच फुटलेलं. मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं, मी पार वाकून गेले होते. तो मागून हळू म्हणाला, "अक्का, सरळ उभी राहा. आता मागं वळून बघू नको." मी बघितलं नाही. बघितलं असतं तर स्टेजपर्यंत पोचले नसते.

तर अशी मी बी.ए. मराठी, आणि शिवते कॉलरी. पदवीचा उपयोग काय झाला असं मला कुणी विचारलं तर सांगते, गिऱ्हाइकाशी भांडताना शब्द कमी पडत नाहीत. भावाला मात्र असल्या चेष्टा चालायच्या नाहीत. त्याच्या डोक्यात त्या दिवसापासून एक झगा ठरलेला होता. आधी तो कुणाचा ते माहीत नव्हतं. मग त्याला मुलगी झाली आणि तेही ठरलं.

ही मुलगी, माझी भाची, बारावी सायन्सची परीक्षा देऊन सुट्टीत बसली होती आणि नेमकी माझ्या एका मशीनची मोटर जळली. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, म्हणजे आमची दिवाळी. त्यात मशीन बंद. जळक्या वार्निशचा वास कारखान्यात भरून राहिला. मी मोटर पिशवीत घातली, पिशवी भाचीच्या हातात दिली आणि तिला आमच्या सोलापूरच्या विजापूर वेशीकडच्या एका दुकानात पाठवलं. मोटर भरून आण, म्हटलं. मोटर भरणं म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी तार गुंडाळून बसवणं. आमच्याकडे पाणी भरतात, पोतं भरतात, तशी मोटरही भरतात.

ते दुकान एका मुसलमान जोडप्याचं. पुढं चाचा बसतात. उजनीच्या काठावरच्या गावांतून पंपाच्या मोटरी येतात, त्या चाचांच्या. आतल्या खोलीत चाची. पंखे, मिक्सर, शिलाईच्या मोटरी चाचीच्या. चाचांच्या मोटरी वजनाला भारी, पण दरारा चाचीचा. ठसठशीत बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, तोंडात पान. हातानं तारेचे फेरे मोजत असताना तिच्याशी बोलायचं नाही, हा त्या घरातला कायदा आहे. त्या वेळी दारात पोलीस आला तरी चाचा त्याला खुणेनं बसवून ठेवतात.

हा कायदा माझ्या भाचीला कुठला माहीत असणार. तिनं मध्येच विचारलं, "ही तार सोन्याची आहे का?" चाचीचा आकडा चुकला. तिनं पोरीकडे बघितलं, सगळी तार उलगडली, आणि पहिल्या फेऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली. माझी भाची, जी माझ्याच वळणावर गेली आहे आणि झोपेतही बडबडते, ती तिथं तोंड मिटून बसून राहिली. गुंडाळी संपल्यावर चाचीनं पान बाजूला सारलं आणि विचारलं, "बैठेगी?"

पोरगी सकाळी गेली ती दिवस कलताना आली. मोटर फिरत होती. पोरीचे हात वार्निशनं तपकिरी झाले होते, आणि चेहरा असा, जसा गड्ड्याच्या जत्रेत उंच पाळण्यातून उतरल्यावर लहानपणी व्हायचा.

त्यानंतर ती रोज जायला लागली. घरी सांगून जायची, आत्याकडे चालले. हे खोटं नव्हतं. माझ्या दारावरूनच रस्ता जातो. भाऊ मला विचारायचा, पोरगी काही काम करते का, नुसतीच बसते? मी म्हणायचे, तिच्या हातात कला आहे. हेही खोटं नव्हतं. मी आयुष्यात खोटं फार कमी बोलले आहे. खरं कुठं थांबवायचं ते मला कळतं.

मग निकाल लागला. चांगले मार्क पडले. भावानं पेढे आणले, बी.एस्सी.चा अर्ज आणला, दोन्ही देवापुढं ठेवलं. त्याच्याच कॉलेजातलं बी.एस्सी. आणि पोरीनं पेढा तोंडात असतानाच सांगून टाकलं की मी आयटीआयला जाणार. इलेक्ट्रिशियन. आणि मग चाचीकडे.

कोण चाची, इथपासून सुरुवात झाली. ते सगळं सांगून होईपर्यंत पेढा संपला. भाऊ माझ्याकडे वळला तेव्हा मी सुपारी शोधण्यात गुंतले होते.

"पण पास झालीस ना तू?" भावानं विचारलं.

"झाले की."

"मग?"

त्या 'मग'मध्ये त्याची सगळी नोकरी होती. पोरीला ते कळलं नाही, किंवा कळलं आणि ती घाबरली. घाबरली की ती उलट बोलते, हेही माझंच वळण. "आत्या बी.ए. आहे," ती म्हणाली. "काय करलालीय? कॉलर."

"कॉलरला नाव ठेवू नकोस," मी म्हटलं. "अर्ध्या सोलापूरच्या पोरांची मान मी ताठ ठेवलीय."

कुणी हसलं नाही. भावजय उठून आत गेली. आणि भावानं बार्शीच्या दादांना फोन लावला.

बार्शीचे दादा म्हणजे आमचे थोरले चुलत भाऊ. तिकडच्या एका कॉलेजात शिकवतात. घराण्यात कुणाचं शिक्षण अडलं, सोयरीक अडली, कुणी रुसून बसलं, की दादांना बोलवायचं. दादा एसटीनं येतात, जेवतात, समजावतात आणि पुन्हा एसटीनं जातात. रविवार ठरला.

आणि तिकडे चाचीच्या घरची रीत आडवी आली. तिच्याकडे शिकणाऱ्यानं पहिलं स्वतंत्र काम करायचं ते स्वतःच्या घरातलं. गिऱ्हाइकाच्या वस्तूला त्याशिवाय हात लावायचा नाही. "पैला काम अपने घर का," चाचीनं तिला सांगितलं होतं. "बिगड्या तो गाली भी घर मेंच रैती."

भाची माझ्याकडे आली. तिच्या घरच्या बाहेरच्या खोलीतला पंखा, भावाच्या लग्नातला, गेलं वर्षभर घुमत होता; गरम व्हायचा, वास मारायचा. तिचं म्हणणं, तो भरायचा. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात एक सबंध नाटक उभं राहिलं. रविवारी दादा त्या पंख्याखाली बसणार. गार वाऱ्यात दोन तास पदवीचं महत्त्व सांगणार. सांगून झालं की विचारणार, या पोरीला येतं तरी काय? आणि मी उठणार, पदर सावरणार, वर बोट करणार आणि म्हणणार, "दादा, मघापासून ज्या वाऱ्यात बसलाय, तो वारा कुणाचा आहे माहितीय का?"

पुढं पडदा. टाळ्या. मी हे वाक्य शिवता शिवता कितीदा म्हणून बघितलं. आमच्या महिला मंडळाच्या नाटकांत मला नेहमी शेजारीण किंवा मोलकरीण करतात. असं वाक्य मला कुणी दिलं नव्हतं.

शनिवारी भाऊ ड्युटीवर गेल्यावर आम्ही पंखा उतरवला. भावजयीनं आम्हाला स्टुलावर बघितलं आणि न बघितल्यासारखी मेथी निवडत राहिली. पोरीनं तो भरला आणि संध्याकाळी भाऊ घरी यायच्या आधी पंखा जागेवर आला. बटण दाबलं. फिरला. आवाज नाही, घुमणं नाही, वास नाही. खिडकीतून संध्याकाळचा वारा येत होता, आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून नाचलो, आणि पंख्याखाली जाऊन उभं राहायचं कुणालाच सुचलं नाही.

रविवारी सोलापूरनं आपलं खरं रूप दाखवलं. फरशी चटके देत होती. दादा आले, जेवले, मुंडाशासारखा बांधलेला पंचा डोक्यावरून काढून गळ्यात घेतला आणि बरोबर पंख्याखालच्या दिवाणावर बसले. भाऊ खुर्चीत. भावजय दारात. भाची भिंतीला टेकून खाली. आणि मी अशा कोपऱ्यात, जिथून उठलं की सगळ्यांना दिसेल.

दादा बोलायला लागले आणि घामही यायला लागला. आधी कपाळावर, मग मानेवर, मग सदरा पाठीला चिकटला. भाऊ उठला, रेग्युलेटर पाचावर केला. पंखा जोरात फिरायला लागला. घामही जोरात यायला लागला.

"लाइट कमी आहे वाटतं," भाऊ म्हणाला.

"आमच्या बार्शीला एवढं उकडत नाही," दादा म्हणाले. हे ते दर वेळी म्हणतात.

दादा वाईट बोलत नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, हाताचं काम चांगलंच, पण हात कधी तरी दुखायला लागतात. डोळे कमी होतात. त्या दिवशी पदवी जवळ असली तर माणसाला खुर्ची मिळते. त्यांनी बघितलेली पोरं त्यांनी सांगितली, नीट मायेनं सांगितली. मी माझ्या बोटांकडे बघत होते. अंगठ्याचं पेर गेले दोन हिवाळे ठणकतंय. मला वाटलं, माणूस बरोबर बोलतोय, आणि तरी माझं वाक्य तयार आहे.

तेवढ्यात माझं लक्ष देवाकडे गेलं. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीचा धूर एरवी खोलीभर हेलकावे खातो. त्या दिवशी तो एखाद्या बोलावणं आलेल्या माणसासारखा सरळ वर निघाला होता. मला त्यातलं काही कळलं नाही. पण मी भाचीकडे बघितलं, तर ती धुराकडे बघत होती. मग तिनं मान वर केली, पात्यांकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला.

दादांनी पंच्यानं मान पुसली आणि अगदी माझ्या नाटकातलाच प्रश्न विचारला. "बाळ, नुसती हौस आहे, की त्यातलं काही येतंही तुला?"

मी उठले. पदर सावरला. घसा साफ केला. बोट वर जाणार तेवढ्यात खालून माझा पदर ओढला गेला, जोरात, आणि मी धपकन बसले.

"पप्पा," भाची म्हणाली, "पंखा उलटा फिरतोय."

सगळ्यांनी वर बघितलं.

"मी भरलाय तो. वायरी जोडताना उलट्या लागल्यात. वारं वर चाललंय सगळं, छताला. चुकलंय माझं."

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. म्हणजे तोही नाही, कारण पंखा खरंच छान भरला होता, नुसता उलटा होता. मला तिच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. उकाड्याला शिव्या घालून सगळे उठले असते, दादा एसटीला गेले असते, रात्री आम्ही दोघींनी गुपचूप वायरी बदलल्या असत्या. आणि आता दादांना एवढंच सांगायचं होतं की बघा, येत नाही तिला. आयटीआय त्या क्षणी संपली असं मी धरून चालले.

भावानं पंख्यावरची नजर खाली पोरीवर आणली. मग म्हणाला, "दुरुस्त होतो का?"

"हो. दोन वायरी बदलल्या की झालं."

"मेन बंद करू?"

"करा."

तो उठला आणि मेन स्विच बंद करून आला. मग पाती थांबायची वाट. पाचावर फिरणारा पंखा बंद केल्यावर थांबायला किती वेळ घेतो, हे सगळं घर वर तोंड करून बसल्याशिवाय कळत नाही. दादांनी पाय दिवाणावर घेतले आणि सरकून भिंतीला लागले. भावानं स्टूल आणलं. आमचं ते स्टूल एका पायानं लंगडं आहे. आम्ही आदल्या दिवशी त्याखाली पुठ्ठा घातला होता. भावानं पुठ्ठा शोधला नाही. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. पोरगी त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर चढली. तिनं वरची वाटी खाली सरकवली, वायरी सोडल्या, बदलल्या, पुन्हा चिकटपट्टी गुंडाळली.  भाऊ वर बघत नव्हता. तो स्टुलाच्या पायाकडे बघत होता, जसं काही ते त्यानं सोडलं तर घर पडेल.

खाली उतरून ती म्हणाली, "मेन सोडा."

वारं आलं. असं आलं की दादांनी डोक्यावर मोठ्या कष्टानं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेलेले केस उठून उभे राहिले. दादांनी डोळे मिटले. "आहाहा," ते म्हणाले. "हां, तर मी काय म्हणत होतो..." काय म्हणत होते ते त्यांना सापडेना. शोधता शोधता ते कलंडले, आणि घोरायला लागले.

भाऊ गच्चीवर गेला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेले, कारण रिकाम्या हातानं मला कुणाच्या मागं जाता येत नाही. तो टाकीच्या सावलीत उभा होता.

"ती गप्प बसली असती तर कळलं असतं का गं कुणाला?" त्यानं विचारलं.

"कुणाला कळणार होतं."

"मी वायरमनला शिव्या दिल्या असत्या." त्यानं पाणी प्यायलं. "पहिलंच काम ना तिचं?"

मी मान हलवली. मग जिन्यात पावलं वाजली. पोरगी वर आली आणि दारातच उभी राहिली. डोळे लाल. भावानं तिच्याकडे बघितलं नाही. समोर झगे वाळायच्या दोऱ्या होत्या, रिकाम्या. तो त्यांच्याशी बोलल्यासारखं बोलला.

"मला एक झगा तुझ्या अंगावर घालायचा होता. एवढंच होतं बघ."

हे त्यानं तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, लोक काय म्हणतील म्हणून बाप कॉलेज कॉलेज करतोय.  मी गप्प होते, ज्यांना मी माहीत आहे त्यांना याची किंमत कळेल.

"तुम्ही म्हणाल तर जाईन मी, पप्पा," ती शेवटी म्हणाली. "खरंच जाईन. बी.एस्सी.ला."

"जाशील," भाऊ म्हणाला. "आणि तीन वर्षं वर्गातला पंखा बघत बसशील." मग त्यानं नाक पुसलं. "तुझ्या चाचीला सांग, मी एकदा येऊन जातो."

तो गेला, आणि मी नसते गेले असं होणं शक्य नव्हतं. चाचीचे फेरे चालू होते. आम्ही तिघं चाचांच्या शेजारी मुकाट बसलो. फेरे संपले तसं चाचांनी आम्हाला आत पाठवलं. चाचीनं चष्मा खाली सोडला, आधी पोरीचं तोंड बघितलं, मग बापाचं.

"उल्टा फिऱ्या क्या?"

भाऊ हो म्हणाला. चाची अशी हसली की चाचा बाहेरून आत बघायला आले. पहिला पंखा उलटाच फिरतो, असं तिचं म्हणणं. तिचाही उलटाच फिरला होता, आणि तिचा सासरा त्याखाली बसलेला होता. तो बिचारा सून नवी म्हणून काही बोलला नाही आणि अख्खा उन्हाळा हातपंख्यावर काढला. "तेरी बेटी उसी दिन बोली ना," चाची भावाला म्हणाली. "मैं दसरे को बोली."

भाऊ हसला. त्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा हसला.

मग ती आयटीआयला गेली. तिचा युनिफॉर्म मी शिवला. आजवर एवढे युनिफॉर्म शिवले, पण खिसे इतक्या विचारानं कधी लावले नाहीत. स्क्रू ड्रायव्हरला वेगळा, टेस्टरला वेगळा. वर्गात मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. सकाळी आयटीआय, दुपारनंतर चाची. भाऊ कुणी विचारलं तर सांगायचा, "लाइटचं शिकतीय." आवाज थोडा खाली असायचा, ते मी ऐकलं आहे. तो आनंदानं उड्या मारत होता असं मी म्हणणार नाही. पण घरातलं कुणाचं काही बिघडलं, की तो तिच्या येण्याची वाट बघत उंबऱ्यात उभा असायचा, आणि ती स्टुलावर चढली की खाली बसून स्टूल धरायचा. तोवर त्यानं त्या लंगड्या पायाला लाकूड ठोकून घेतलं होतं, तरी धरायचा.

त्या वर्षी पदवीदानाच्या आदल्या दिवशी, भर हिवाळ्यात, अवकाळी पाऊस आला. झगे धुऊन गच्चीवर होते. आम्ही धावत जाऊन ते खाली आणले. भावाच्या बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या, झगे टांगले आणि पंखा पाचावर सोडला. आणि मग बघत राहावं असं झालं. वाऱ्यानं झग्यांच्या बाह्या फुगल्या, खालचे घेर उचलले गेले, आणि सगळी खोली माणसांनी भरल्यासारखी झाली. डोकी नसलेली, पण खुशीत असलेली माणसं. भावजयीनं दारातून बघितलं आणि म्हणाली, "बाई गं, नाचायला लागलेत."

दिवेलागणीला भाची चाचीकडून आली. ओली, दमलेली, हात कोपरापर्यंत वार्निशनं माखलेले. झगे चुकवत आत जायला लागली. भाऊ खुर्चीवर उभा राहून झगे चाचपत होता, कुठला वाळला, कुठला राहिला. तो खाली उतरला. एक झगा त्यानं दोरीवरून काढला, आणि सवयीनं दोन्ही हातांनी उघडून धरला.

"ये," तो म्हणाला.

"पप्पा, हात बघा माझे. वार्निश आहे."

"ये म्हटलं ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे या वेळीही एक वाक्य तयार होतं. कुलगुरूंच्या आवाजात, सन्माननीय पाहुणे वगैरे. ते मी गिळलं. तिनं पाठ केली, हात मागं नेले. भावानं बाह्या चढवल्या, खांद्यावर झगा ओढला, गळ्याची पिवळी पट्टी बसवली. सगळं अगदी तसंच, जसं तो त्या वर्गात उभा राहून करतो.

"सरळ उभी राहा," तो म्हणाला.

ती उभी राहिली. पंख्याच्या वाऱ्यानं झग्याचा घेर तिच्या पायाशी उडत होता. पुढचं वाक्य तो बोलला नाही. मी वाट बघितली, भावजयीनं बघितली. तो बोललाच नाही. मग ती वळली आणि तिनं बापाकडे बघितलं, आणि त्यानं तिला बघू दिलं.

फोटो काढते म्हटलं तर नको म्हणाला, झगा कॉलेजचा आहे. तिनं काढून दिला, त्यानं पुन्हा दोरीवर टाकला, भावजयीनं चहा ठेवला.

सकाळी मी इस्त्रीला मदत करायला गेले तेव्हा त्या झग्याच्या पिवळ्या पट्टीवर एक तपकिरी अंगठा उमटलेला दिसला. वार्निश, पाण्यानं जाणारं नाही. माझ्याकडे कपड्यावरचे डाग काढायचं औषध आहे, मी ते आणायला निघाले. भावानं त्यावरून इस्त्री फिरवली, झगा बाकीच्यांत घडी करून ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला.

त्या दिवशी तो झगा कुणाच्या तरी अंगावर स्टेजवर जाऊन आला. दर वर्षी जातो.